इसुब, युसूफ, यौसुफ : एका नावाचे चार कागद

परभणीत कचेरीच्या रस्त्यावर माझे टायपिंगचे आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. तीस वर्षे झाली, लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि वारस नोंदीचे कागद लिहून देतो. या कामामुळेच मला मोडी आणि उर्दू शिकावी लागली. मोडी शिकलो एका जुन्या कारकुनाकडून आणि उर्दू एका निवृत्त मास्तरांच्या ओट्यावर बसून. निजामाच्या राजवटीत इथली सरकारी भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले, पण त्याचे कागद राहिले. जमिनीचा मूळ पुरावा हवा असेल तर आजही त्या कागदांपर्यंत जावे लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तर मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. माझा अभ्यास एवढाच, पोटापाण्याच्या बाजूने आलेला. महाविद्यालयात भाषाशास्त्र शिकलेला मी माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या वर्षी आषाढात सत्तरी ओलांडलेले एक चाचा पॉलिथिनच्या पिशवीत कागद घेऊन आले. वडिलांच्या जमिनीवर त्यांची वारस नोंद अडली होती. त्यांनी चार कागद माझ्यासमोर मांडले. पहिला निजामकाळातला उर्दू उतारा. दुसरा चाचांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर वडिलांचे नाव ‘इसुब’. तिसरा सातबारा, त्यावर ‘युसूफ’. चौथा संगणकावरून निघालेला दाखला, त्यावर ‘यौसुफ’. हे ‘यौ’ कुठून आले ते माझ्या लगेच लक्षात आले. कोणीतरी इंग्रजीत नाव लिहिताना वायनंतर ओ आणि यू अशी दोन अक्षरे घातली होती, आणि यंत्राने त्यांचा प्रामाणिकपणे ‘यौ’ केला होता.

“साहेब म्हनले, हे चार इसम आहेत,” चाचा सांगत होते. “चार इसमांचा तू एकटा वारस कसा? आता काय सांगू? माझा बाप एकच होता, सर.”

मी उर्दू उतारा वाचला. चाचांनी विचारले, “मग ह्यातलं खरं नाव कोनतं?”

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून दिला, चाचा गेले, पण प्रश्न दुकानातच राहिला. पुढचे वर्षभर मी त्याच्यामागे होतो. हा लेख त्या वर्षाचा हिशेब आहे.

इसम म्हणजे नाव

सुरुवात साहेबांच्या शब्दापासूनच करतो. ‘इसम’ हा शब्द आपण मराठीत माणूस या अर्थाने वापरतो. पंचनाम्यात तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. मूळ अरबीत मात्र ‘इस्म’ म्हणजे नाव. हिब्रूत त्याच अर्थाचा ‘शेम’ हा शब्द आहे आणि तो अरबी ‘इस्म’चा सख्खा नातेवाईक आहे. म्हणजे ‘हे चार इसम आहेत’ या वाक्याचा मूळ शब्दाप्रमाणे अर्थ ‘ही चार नावे आहेत’ एवढाच होतो, आणि तो बरोबरच होता. माणसे चार आहेत, हा अर्थ मराठीत आल्यावर चिकटला.

हिब्रू आणि अरबी या सेमिटिक कुळातल्या बहिणी. त्यांच्यात ध्वनींचे काही ठरलेले नाते आहे. हिब्रूत जिथे ‘श’ येतो तिथे अरबीत अनेकदा ‘स’ येतो. तिकडे शालोम, इकडे सलाम. तिकडे मोशे, इकडे मूसा. तिकडे यिश्माएल, इकडे इस्माईल. यिश्माएल या नावाचा अर्थ ‘ईश्वर ऐकेल’. ‘एल’ म्हणजे ईश्वर. दानिएल, मिखाएल, शमुएल या सगळ्या नावांच्या शेवटी तो बसलेला आहे. आपल्याकडे नावाच्या शेवटी देव, नाथ, राम येतात, तसेच हे.

आता आपल्या परभणीची हजेरी घ्या. कोणत्याही शाळेचा जुना पट उघडा. इब्राहीम, इसहाक, याकूब, युसूफ, मूसा, हारून, दाऊद, सुलेमान, अय्यूब, युनूस, इलियास, मरियम. ही सगळी नावे हिब्रू परंपरेतून अरबीत, तिथून फारसी-उर्दूच्या वाटेने दख्खनमध्ये आली. दरवर्षी फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा पाळण्यांच्या आणि मिठाईच्या गर्दीत आया हरवलेल्या पोरांना ज्या हाका मारतात, त्यांतल्या निम्म्या हाकांचे मूळ तीन हजार वर्षांमागच्या कनान देशात आहे. हाक मारणाऱ्याला ते माहीत असण्याची गरज नाही. नाव ते जाणतेच.

चार अक्षरे

चाचांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला सोपे वाटले होते. मूळ हिब्रू नाव योसेफ; म्हणजे खरे नाव योसेफ. बायबलच्या पहिल्या पुस्तकात राहेल आपल्या मुलाचे नाव ठेवते, ते ‘आणखी एक मिळो’ या इच्छेने. योसेफ म्हणजे ‘तो भर घालो’. पण हिब्रूची बावीस अक्षरे पुस्तकावरून गिरवायला घेतली, तेव्हा हे उत्तर डळमळले.

हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. स्वर वाचणाऱ्याने आपल्या माहितीने भरायचे. आज छापलेल्या हिब्रू बायबलमध्ये अक्षरांच्या खाली-वर ज्या स्वरांच्या खुणा दिसतात, त्या इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत पाठ जतन करणाऱ्या विद्वानांनी बसवल्या. त्यांतली तिबेरिया इथली परंपरा पुढे सर्वमान्य झाली. म्हणजे मूळ ग्रंथ आणि त्याचे स्वर यांच्यात शतकांचे अंतर. शिवाय ज्यू लोक जिथे जिथे गेले तिथला उच्चार त्यांच्या हिब्रूत मिसळला. पूर्व युरोपातले ज्यू शब्बाथच्या दिवसाला शब्बोस म्हणत, भूमध्य समुद्राकाठचे शब्बात म्हणत. योसेफचा तिकडे योयसेफ होई. एकाच धर्माच्या, एकच पोथी वाचणाऱ्या लोकांत हा फरक. मग मूळ उच्चार कोणता?

उर्दूचे दुखणे नेमके हेच. तीही ऱ्हस्व स्वर लिहीत नाही. चाचांचा उतारा मी पुन्हा काढून पाहिला. नावाची अक्षरे चार : ये, वाव, सीन, फे. हिब्रूत तेच नाव लिहितात : योद, वाव, सामेख, पे. उजवीकडून डावीकडे, त्याच क्रमाने, चारास चार. तिसऱ्या अक्षराचा वंश दोन्ही लिप्यांत वेगळा, पण त्याचे काम एकच, ‘स’ म्हणणे. बाकीची तीन तर एकाच जुन्या फिनिशियन घराण्यातली भावंडे. परभणीच्या कचेरीत शाईने लिहिलेले नाव आणि जेरुसलेमच्या पोथीतले नाव अक्षरागणिक जुळत होते. स्वर मात्र त्या चार अक्षरांत पूर्ण लिहिलेले नव्हते. ते तोंडात होते, आणि तोंड प्रत्येक मुलखाचे वेगळे.

मी त्या दिवशी दुकान तासभर आधी बंद केले, एवढेच सांगतो.

अरबी वाट आणि तिच्यातला ग्रीक पाहुणा

अरबीत ही नावे हिब्रूशेजारून थेट आली, असे मी धरून चाललो होतो. तेही पूर्ण खरे नाही. इलियास पाहा. हिब्रूत त्याचे रूप एलियाहू. त्यात शेवटी ‘स’ कुठेच नाही. हा ‘स’ ग्रीकांचा. आपल्या युगाच्या आधी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू ग्रंथांची ग्रीक भाषांतरे होऊ लागली. ग्रीकमध्ये पुरुषाच्या नावाला कर्त्याच्या जागी बहुधा ‘स’ लागतो. एलियाहूचा एलियास झाला आणि योनाचा योनास. पुढे ख्रिस्ती लोकांच्या सिरियाक भाषेतून ही रूपे अरबस्तानात पोहोचली, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे आपल्या गल्लीतल्या इलियासच्या आणि युनूसच्या शेवटी जो ‘स’ आहे, तो ग्रीक व्याकरणाचा प्रत्यय आहे. योना म्हणजे हिब्रूत कबुतर.

दख्खनमध्ये आल्यावर आणखी एक थर चढला. दखनी बोलीत उर्दूचा खोल ‘क’ ‘ख’सारखा निघतो. ‘कबर’ची ‘खबर’ होते, तसा इसहाकचा इसाख आणि याकूबचा याखूब होतो. उत्तरेकडचे उर्दूवाले त्यावर हसतात. मला आता हसू येत नाही.

मग मराठी कान. पानिपतावर तोफखाना सांभाळणारा इब्राहीमखान गारदी आधी निजामाकडे होता, नंतर पेशव्यांकडे आला. मराठी बखरकार त्याला ‘इभ्रामखान’ लिहितात. हिब्रू अब्राहाम, अरबी इब्राहीम, मराठी इभ्राम. ‘ह’ला ‘ब’शी जोडून ‘भ’ करणे हे आपल्या जिभेचे काम. बखरकाराला अरबी येत नव्हती असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, त्याला मराठी येत होती.

इसुबचेही तसेच आहे. आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ आणि ‘व’ फार टिकत नाहीत. विठ्ठलाचा इठ्ठल होतो, विठोबाचा इठोबा. गंगाखेडची जनाबाई ज्याच्यासाठी पंढरीला गेली, त्याला आपल्या जिल्ह्यात अजूनही कोणी विठ्ठल म्हणतो, कोणी विठू, कोणी इठोबा. हे तीन देव आहेत, असे कोणत्याही कचेरीने अजून लिहून दिलेले नाही. आणि शेवटच्या ‘फ’चा ‘ब’ झाला तर त्यात नवल काय? इटलीतल्या लोकांनी याच नावाचे ज्युसेप्पे केले. त्यांनी ‘फ’चा ‘प’ केला, आपण ‘ब’वर थांबलो.

गावाचे नाव घ्या. प्रभावती देवीचे प्रभावतीनगर म्हणून ते परभणी, असे आपण सांगतो. परभणी चुकीचे आणि प्रभावतीनगर बरोबर, असे म्हणून कोणी एसटीचे तिकीट मागत नाही.

य आणि ज

मला सर्वांत जास्त दिवस अडवले ते इंग्रजी ‘ज’ने. हिब्रूत योसेफ, याकोव्ह, योहानान, येरुशालायिम. इंग्रजीत जोसेफ, जेकब, जॉन, जेरुसलेम. सगळीकडे ‘य’चा ‘ज’. हा आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘इ’ आणि ‘य’ या दोन्ही ध्वनींना एकच अक्षर होते. लॅटिनपासून फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा भाषा झाल्या तेव्हा शब्दारंभीचा ‘य’ घट्ट होत गेला. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘ज’ झाला, आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेला. फ्रेंच-पोर्तुगीजांकडे तो पुढे मऊ ‘झ’सारखा झाला, स्पेनमध्ये घशातला ‘ख’. म्हणून एकच योहानान इंग्लंडात जॉन, फ्रान्समध्ये झाँ, स्पेनमध्ये ख्वान. त्या ध्वनीसाठी वेगळे अक्षर तर फार उशिरा, सोळाव्या-सतराव्या शतकांत, रूढ झाले.

हे वाचताना मला वाटले, यात परके काही नाही. आपल्या भाषेने हेच केले आहे. यात्रेची जत्रा, योग्याचा जोगी, यमुनेची जमना, यवाचे जव, युगाचे जुग. संस्कृत शब्दारंभीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ झाला आणि मराठीने तो घेतला. जो नियम यात्रेला लागला, तोच हजारो कोसांवर योसेफला लागला. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना विचारले नव्हते.

याच वाटेचा एक फाटा आपल्या किनाऱ्याला लागतो. पोर्तुगीजांनी १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई ताब्यात ठेवली, गोव्यात ते १९६१ पर्यंत राहिले. त्यांच्याबरोबर योसेफ आला तो जुजे होऊन, योहानान आला जुवांव होऊन. गोव्यातला जुजे आणि परभणीतला इसुब समोरासमोर उभे केले, तर दोघांत एकही व्यंजन जसेच्या तसे जुळत नाही. तरी दोघे एकाच नावाचे नातू.

मिशनची वाट

प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी वेगळे काम केले. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला १८०५ पासून मराठीत छपाई सुरू केली, अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, आणि बायबल मराठीत उतरू लागले. भाषांतर करताना नावांचे काय करायचे, हा प्रश्न होताच. इंग्रजी उच्चार घ्यायचा की मूळ?

मराठी बायबलची पाने चाळली की दिसते, बहुतेक ठिकाणी त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवले. मोझेस नव्हे, मोशे. आयझॅक नव्हे, इसहाक. जेकब नव्हे, याकोब. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून ग्रीकांना मोशेचा मोसेस करावा लागला होता. मराठीत ‘श’ आहे, मग अडचण काय? मात्र शलमोन या रूपाकडे पाहा. हिब्रूत ते श्लोमो. सुरुवातीचा ‘श’ हिब्रूचा, शेवटचा ‘न’ ग्रीक सोलोमोनचा. एकाच नावात दोन गावचे पाणी. आणि जखऱ्या! हिब्रू झेखार्याचे हे रूप पाहून तर कोणालाही तो आपल्याच शिवारातला वाटावा. तो ‘ऱ्य’ मराठीशिवाय आणखी कोण लिहील?

पंडिता रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी ते आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. साधने तुटपुंजी असताना एक बाई तीन लिप्यांमधली नावे ताडून पाहत बसते, हे चित्र मला दुकानात बसल्या बसल्या पुष्कळदा आठवते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक यांनी धर्म बदलला, नाव बदलले नाही. नाव आणि धर्म ही एकच गोष्ट आहे, असे त्यांना वाटले नाही.

कोकणची वाट

सगळ्यांत मोठा धडा मात्र मला कोकणातून मिळाला. अलिबाग, पेण, रोहा या भागांत शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा जुना धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांची आडनावे गावांवरून : किहीमचे केहीमकर, चौलचे चौलकर, झिराडचे झिराडकर. हिंदी चित्रपटांतले डेव्हिड हे मूळचे डेव्हिड अब्राहम चौलकर.

आणि नावे? हिब्रूच, पण मराठी अंगरखा घातलेली. अब्राहमचा अबाजी, बन्यामीनचा बन्नाजी, इसहाकचा इसाजी, शमुएलचा समाजी, एलियाहूचा एलोजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला १७९६ मध्ये या समाजाचे पहिले सिनेगॉग ज्यांनी बांधले, ते कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर. त्यांच्या लोकांत ते समाजी हसाजी दिवेकर होते. शिवाजी, संभाजी, समाजी. ऐकणाऱ्याला वेगळे काहीच वाटू नये.

मग एकोणिसावे शतक आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले, शाळा निघाल्या, जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारखे हिब्रूचे मोठे जाणकार याच समाजातून तयार झाले. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. मुळांकडे परत जायचे, ही त्या काळातली ओढ होती. आणि गंमत अशी झाली, की मुळाकडे जाताना हाताशी आला इंग्रजी उच्चार. समाजीचा शमुएल व्हायचा, तो झाला सॅम्युएल. मुसाजीचा मोशे व्हायचा, तो झाला मोझेस. मुंबईचे १९३७ चे महापौर डॉ. ई. मोझेस, महालक्ष्मीचा रस्ता आजही त्यांचे नाव सांगतो. हसाजीचा झाला इझिकेल. कवी निस्सीम इझिकेल यांचे नाव आपण असेच वाचतो. ‘निस्सीम’ हा हिब्रू शब्द, अर्थ चमत्कार. मराठी माणूस मात्र तो वाचतो आणि सीमा नसलेला असा अर्थ मनात आणतो. दोन्ही भाषांना तो शोभतो, हा निव्वळ योगायोग.

१९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथे काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच, विशेषतः लग्नसंबंधांत, शंका घेतली. शेकडो वर्षे शनिवार पाळलेल्या लोकांना ‘तुम्ही खरे कशावरून?’ असे विचारले गेले. निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर केले. तिथे सॅम्युएल पुन्हा श्मुएल झाला. एखाद्या घरात पणजोबा समाजी, आजोबा सॅम्युएल आणि नातू श्मुएल असे तीन उच्चार सहज सापडतील. त्यांतला एकही खोटा नाही. हेच लोक तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवत आले आहेत.

त्यांच्या एका विधीचे नाव वाचून मी थबकलो. नवस फेडायचा असला, लग्न किंवा बारसे असले, की एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया नबी, यांच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचे ताट करतात. त्याला म्हणतात मलिदा. आमच्याकडे दर्ग्यावर पोळी कुस्करून, तूप-गूळ घालून जो करतात, तोही मलिदाच. जिन्नस वेगळा, शब्द एक, फारसीतून आलेला, चुरण्या-मळण्याच्या अर्थाचा. आणि त्यांचा एलियाहू म्हणजेच आमच्या गल्लीतला इलियास.

वारस

बायकांच्या नावांबद्दल थोडे. हिब्रू मिर्यामची अरबीत मरियम झाली, ग्रीकमध्ये मारिया, इंग्रजीत मेरी. शोशन्ना हे फुलाचे नाव. त्याची युरोपात सुझाना आणि सुझन झाली, फारसी-उर्दू कवितेत तेच फूल सौसन म्हणून फुलते. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, तामार म्हणजे खजुराचे झाड. आपल्याकडच्या चिमणाबाई आणि मैनाबाई यांच्या पंगतीत या सहज बसतील.

पण मला खरे हवे होते ते नाव सापडले डॉ. जेरुशा झिराड यांच्यात. मुंबईतल्या या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ बेने इस्राएल समाजातल्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जेरुशा म्हणजे हिब्रूतले येरुशा. ‘य’चा ‘ज’ कसा झाला, ते वर आलेच आहे. येरुशा ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ ताबा मिळणे, वारसा मिळणे. हिब्रूतल्या या धातूचे अरबी भावंड आहे, त्यापासून झालेला शब्द म्हणजे ‘वारिस’. हिब्रूत सुरुवातीला ‘य’ आला तिथे अरबीत ‘व’ राहिला. आणि त्या वारिसचा आपला ‘वारस’. ज्या वारस नोंदीसाठी चाचा माझ्या दुकानात आले, ती आणि जेरुशा एकाच धातूची लेकरे.

पुन्हा कागदाकडे

हे सगळे मी चाचांना सांगितले का? तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. चार अक्षरांची गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “यूसुफ पैगंबर आमचे, हे मला ठाऊक. त्यायलाबी तेच अक्षर लागतेत, हे नव्हतं ठाऊक.”

नोंद मात्र या अक्षरांनी झाली नाही. ती झाली प्रतिज्ञापत्राने, गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या जबाबाने आणि सहा-सात खेपांनी. इसुब, युसूफ, यौसुफ आणि उर्दू उताऱ्यातला इसम ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, असे वाक्य मी लिहिले आणि ते माघात मान्य झाले. कचेरीलाही मी फार दोष देत नाही. जमिनीच्या कामात दोन माणसे एक ठरली, तर त्यातून होणारे नुकसानही मी पाहिले आहे. कागदाला एकच नाव हवे असते, ही त्याची गरज आहे. पण ज्यांचे नाव चार लिप्यांमधून आणि तीन राजवटींमधून गेले, त्यांच्यावर या गरजेचा भार इतरांपेक्षा जास्त पडतो, आणि तो भार त्यांच्या चुकीचा नाही. उर्दू मुन्शीने अक्षरे लिहिली, मराठी मास्तराने ऐकले ते लिहिले, यंत्राने इंग्रजी वाचले. तिघांनी आपापले काम चोख केले. त्यांच्या चोखपणाचे अंतर चाचांनी पायी तुडवले.

म्हणून माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. अर्जात आता ‘नावात चूक झाली आहे’ असे लिहीत नाही. ‘नाव पुढील रूपांत नोंदले गेले आहे’ असे लिहितो. ज्यांना घाई असते, त्यांना फरक कळत नाही. काहींना कळतो.

यंदाच्या श्रावणात चाचा पुन्हा आले, या वेळी पिशवी न घेता. नातवाला मुलगा झाला होता, आणि नाव पणजोबांचेच ठेवायचे ठरले होते.

“सर, जन्माच्या दाखल्याआधीच तुमच्याकडं आलो. तिन्ही लिप्यांत एकसारखं लिहून द्या. पोराला माझ्यावानी हिंडायला नको.”

मी कोऱ्या कागदावर लिहून दिले. उर्दूत ती चार अक्षरे. मराठीत ‘युसूफ’, य ऱ्हस्व, स दीर्घ. इंग्रजीत वाय, यू, एस, यू, एफ. ओ कुठेही घालू नका, नाहीतर यंत्र पुन्हा ‘यौ’ करील. शाळेत, बँकेत, आधारला हेच द्या, आणि एक प्रत जपून ठेवा.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मी सहज विचारले, “आणि घरात काय हाक मारणार?”

“घरात?” चाचा म्हणाले. “इसुबच म्हननार की. दुसरं येतंय कुठं आमाला.”